खुर्ची

नऊ वर्षांत मालकानं त्याला पहिल्यांदाच खुर्ची दिली, आणि तिथंच ठोक्याला संशय आला.

एरवी ऑफिसच्या उंबऱ्याशी उभं राहायचं, खेपेची पावती टेबलावर ठेवायची आणि निघायचं, एवढीच रीत होती. बसायला कारकुनाच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता, त्याचाही एक पाय मोडका. आज मालक स्वतः उठला, भिंतीकडची खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाला, "बसा ठोकेराव."

खाणीवर त्याला सगळे ठोक्याच म्हणत. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी तो लोखंडी कांब घेऊन गाडीभोवती फिरायचा आणि दहाही टायर एकेक करून ठोकायचा. त्यावरून ते नाव पडलं होतं. आजपर्यंत मालकानंही 'ए ठोक्या' याशिवाय हाक मारली नव्हती. 'राव' लागल्यावर त्याला अंगात दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं वाटलं. तो खुर्चीच्या काठावर टेकला. पँटीवरची खडीची भुकटी गादीला लागू नये म्हणून त्यानं हात मांड्यांखाली धरले.

"किती वर्षं दुसऱ्याची गाडी चालवणार?" मालक म्हणाला. "तू चालवतोस तीच गाडी तुझ्या नावावर करतो. थोडे आधी दे, बाकीचे भाड्यातून कापून घेईन. तुला कळायचंसुद्धा नाही. उद्यापासून तू मालक, मीही मालक."

"सगळ्यांना देताय?"

"सातही गाड्या. ज्याची त्याला. माझी माणसं मोठी झाली पाहिजेत." मालकानं दोन पानी कागद पुढं सरकवला. "सही कर. आजच कर असं नाही, पण पंधरा दिवसांत."

"घरी नेऊन वाचतो."

मालक हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "माझ्यावर भरवसा नाही?"

"आहे की. मला वाचायला वेळ लागतो एवढंच."

हे खोटं नव्हतं. ठोक्याला रस्त्यावरच्या पाट्या झर्रकन वाचता यायच्या, पण ओळीला ओळ लागली की तो अडखळायचा. घरात वाचायचं काम बायकोचं.

ती खाणीच्या ऑफिसात सकाळी दोन तास झाडलोट करी. त्या संध्याकाळी तिनं हात पुसले, दारातल्या उजेडात बसली आणि कागद वाचायला घेतला. खोली एकच होती. एका बाजूला चूल, मध्ये दोरीवर कपडे आणि पलीकडच्या भिंतीला तिच्या सासऱ्याची खाट. म्हाताऱ्याची उभी हयात त्याच खाणीत सुरुंग लावण्यात गेली होती. सुरुंगांनी त्याचे कान नेले आणि धुळीनं छाती. रात्रभर खोकायचा. त्याच्यासाठी शेजारी एक खोली काढावी म्हणून दोघं नऊ वर्षं पैसे बाजूला टाकत होती.

"गाडी तुमच्या नावावर," ती वाचत म्हणाली. "विमा तुमचा. टायर तुमचे. दुरुस्ती तुमची. गाडीखाली कुणी आलं तर जबाबदारी तुमची."

"मालकीत ते येणारच."

"थांबा. पाच वर्षं फक्त ह्याच खाणीची खडी वाहायची. दुसरा कुठलाही माल भरायचा नाही. भाडं तेच ठरवणार." तिनं कागद मांडीवर ठेवला. "मग तुमचं काय राहिलं?"

"नाव."

"नावाला काय चाटायचंय?" ती म्हणाली. "मोडलं तर तुमचं, कमावलं तर त्यांचं. आणि मला एक सांगा, इतकी वर्षं ज्या माणसानं टायर बदलायचा म्हटलं की आजारी पडल्यासारखं तोंड केलं, तो गाड्या वाटत का सुटलाय?"

ठोक्यानं कागद तिच्या मांडीवरून उचलला. त्याच्याही मनात तेच चाललं होतं. पण आयुष्यात एकदा गाडीच्या दारावर हात ठेवून 'माझी' म्हणावं असंही वाटत होतं, आणि ते बायकोला सांगायची त्याला लाज वाटत होती.

"दुसरं सांगू?" ती आवाज खाली आणून म्हणाली, जणू मालक दोरीवरच्या कपड्यांआड उभा होता. "कारकून पावत्या अर्ध्या फाडून वापरतोय. पुस्तकं संपत आलीत. दरवर्षी ह्या दिवसांत छापून गठ्ठे येतात, ते मीच कपाटात लावते. ह्या वर्षी आले नाहीत. विचारलं तर म्हणाला, बाई, फडक्याचं काम फडक्यानं करावं."

"विसरले असतील."

"तो विसरतो? मी झाडूचा एक दांडा घरी आणला होता, ते त्यानं वर्षभर लक्षात ठेवलं."

म्हातारा दोघांचे हलणारे ओठ बघत होता. त्याला कागद दिसला, मुलाचं तोंड दिसलं. तो एकाएकी बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "खाट हलत नाही."

"काय?"

"महिना झाला. दुपारी सुरुंग उडाला की खाटेचा पाय हलतो. पायाला कळतं मला. महिना झाला, हललेला नाही."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. ठोक्या दिवसभर इंजिनाच्या आवाजात असायचा. सुरुंग कधी उडाला आणि कधी नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा गाडी घेऊन ढिगाखाली लागला. ऊन डोक्यावर चढलं होतं. खडी हौद्यात पडायची तेव्हा पांढरी धूळ उठायची आणि घामावर बसून लेप धरायची. नऊ वर्षं तो ढीग बघत आला होता, तरी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. दगड फोडणाऱ्या क्रशरच्या पट्ट्यापर्यंत पोचणारा ढीग आता खोलीएवढा राहिला होता, आणि पट्टा थंड होता. गाड्या जुना साठाच उपसत होत्या.

मागच्या गाडीतून मुका उतरला. तोंड एक क्षण बंद ठेवत नसे म्हणून लोकांनी त्याला मुका नाव ठेवलं होतं. ठोक्याचा तो सगळ्यात जुना दोस्त. घरी आला की म्हाताऱ्याच्या खाटेवर बसून तासभर बोले. म्हातारा ऐकत नाही आणि मुका थांबत नाही, त्यामुळं दोघांचं छान जमायचं.

"केलीस सही?" मुक्यानं विचारलं. "मी परवा करणार. रंग पण ठरवला. हिरवा. बायको निळा म्हणते, पण निळा म्हणजे सरकारी वाटतो. पुढं आरसे मोठे बसवणार. तू कुठला रंग देणार?"

"कागद वाचलास?"

"वाचायचं काय त्यात? मालकानं सांगितलं की सगळं. अरे, आपल्या बापांना सायकल नव्हती. तू उगाच फाटे फोडू नकोस."

"तुला मालकानं सांगितलंय का, माझ्याशी बोल म्हणून?"

मुक्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. "का? मला स्वतःला तोंड नाही?"

"सांगितलंय का ते विचारतोय."

"एवढंच म्हणाला, की ठोक्यानं केली तर सगळे करतील. तुझ्यावर विश्वास आहे लोकांचा."

विश्वास. ठोक्याला ती खुर्ची आठवली. म्हणजे आपल्याला पुढं बसवलं की मागची सहाजणं आपोआप बसणार. मेंढरं हाकायची तर पुढच्या मेंढराच्या गळ्यात घंटा बांधतात, तसं ते 'राव' होतं.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे ड्रायव्हर गाड्यांच्या सावलीत आडवे झाले. ठोक्या क्रशरच्या मागच्या वाटेनं खाणीत उतरला. वाट उताराची, तुटक्या दगडांची. चपला घसरत होत्या. खाली गेला आणि थांबला. खालच्या टप्प्यावर पाणी चढलं होतं. वर्षभर पावसाचा टिपूस नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या, पण खाणीत झऱ्यांचं पाणी हिरवंगार साचलं होतं. खोदकामाचा कडा त्यात कमरेपर्यंत बुडाला होता. पंप रोज चालला नाही तर हे पाणी चढणारच, आणि पंप बिघडलाय, असं कारकून सांगत होता.

तो पंपाच्या चौथऱ्याकडं गेला. पंप बिघडलेला नव्हता. पंप नव्हताच. सिमेंटमधून चार बोल्ट वर आले होते. त्यांना नीट ग्रीस लावून चिंध्या गुंडाळलेल्या. बिघडलेलं यंत्र काढून नेणारा माणूस बोल्टला चिंध्या बांधत बसत नाही. हे सवडीनं, ठरवून केलेलं काम होतं.

"काय हरवलंय?"

तो दचकला. कपारीच्या सावलीत खाणीतला जुना ड्रिलवाला बसून पिशवीची तुटलेली नाडी शिवत होता.

"पंप कुठं गेला?"

"मला काय विचारतोस? मी भोकं पाडणारा माणूस."

"मग भोकं का पाडत नाहीस?"

ड्रिलवाल्यानं सुई दातात धरली, आजूबाजूला पाहिलं.  शेवटी त्यानं बाजूच्या भेगेत हात घातला आणि मूठ ठोक्यापुढं उघडली. पिवळसर मुरूम होता. त्यानं नुसती बोटं मिटली, तर त्याचा भुगा होऊन खाली सांडला.

"दगड संपला," तो म्हणाला. "खाली सगळं हेच. तीन ठिकाणी भोकं पाडून बघितली. मी सांगितलं असं म्हणू नकोस. माझा हिशेब अजून व्हायचाय."

ठोक्या न थांबता वर चढला. एकीकडं संताप होता, आणि दुसरीकडं आपण वेडे नाही याचं बरंही वाटत होतं.

त्यानं मुक्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. पावत्या, ढीग, बोल्ट, मुरूम. ड्रिलवाल्याचं नाव तेवढं घेतलं नाही. मुका ऐकत राहिला. इतका वेळ तो गप्प राहिलेला कुणी पाहिला नव्हता.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"ते सोड. तू खाली जाऊन बघ."

"आणि मी सही करायची नाही, म्हणजे माझी गाडी कोण घेणार?" मुका सावकाश म्हणाला. "माझी गाडी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी नवी आहे. तुझ्याकडं खोलीचे पैसे साठलेत. दोन गाड्या घ्यायच्या असतील, तर सरळ सांग ना. पंपाच्या गोष्टी कशाला?"

ठोक्याला वाटलं, कुणीतरी थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. तो वळला आणि गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या सकाळी किल्लीच्या खिळ्यावर त्याची किल्ली नव्हती. कारकून मान वर न करता म्हणाला, "आज गाड्या धुवायच्यात. बादली तिकडं आहे."

"धुवायला माणूस आहे."

"आज तू आहेस. खाणीत फिरायला वेळ असतो, तर बादली उचलायलाही असेल."

ठोक्यानं रिकाम्या खिळ्याकडं पाहिलं. खाणीत गेल्याचं फक्त दोघांना ठाऊक होतं. ड्रिलवाला स्वतःच्या हिशेबाला घाबरून होता. म्हणजे राहिला एकच. त्यानं बादली उचलली. चाकांवरचा चिकटलेला चिखल नखांनी काढला, हौद्याच्या मागच्या फाळक्याचे सांधे घासले. इतर ड्रायव्हर खेपा घेऊन शेजारून जात-येत होते आणि त्याच्याकडं न बघण्याची काळजी घेत होते. मुक्याची गाडी गेली तेव्हा मुक्यानं काच वर केलेली होती. त्या उन्हात.

असे चार दिवस गेले. पाण्यानं बोटं भेगाळली. पाचव्या दिवशी त्यानं हात पुसले, कागद घेतला आणि ऑफिसात गेला. बायको आतल्या खोलीत फरशी पुसत होती. त्याला बघून ती थांबली नाही, फक्त फडकं हळू फिरवायला लागली.

ह्या वेळी खुर्ची मिळाली नाही.

"सही करतो," ठोक्या म्हणाला. "एक ओळ खोडा. फक्त तुमचीच खडी वाहायची, ती."

मालकानं कागद ओढला, पेन काढलं आणि ती ओळ एका रेघेत खोडली. शेजारी सही ठोकली. "झालं? सगळ्यांच्याच कागदावर खोडतो. मी काय तुमचा वैरी आहे?"

ठोक्या घासाघीस करायच्या तयारीनं आला होता. चार दिवस बादली उचलताना तो काय काय बोलायचं ते ठरवत होता. आणि मालकानं पाच वर्षांची बांधणी माशी झटकावी तशी सोडून दिली. जे आपल्याला नकोच आहे, तेच माणूस इतक्या सहज सोडतो.

"आता एक ओळ लिहा," तो म्हणाला. त्यानं कागदावर बोट ठेवलं. "पाच वर्षं खाण आम्हाला खडी देईल."

आतल्या खोलीतलं फडकं थांबलं.

मालकानं पेनाला टोपण लावलं. अगदी सावकाश, टक असा आवाज येईपर्यंत. मग पेन खिशात ठेवलं.

"तू बापावर गेलायस," तो म्हणाला. "ऐकू येत नाही, पण हट्ट मोठा. गाडी घ्यायची नसेल तर तुला इथं काम नाही. बायकोलाही घेऊन जा."

दोघं एकत्रच बाहेर पडली. तिच्या हातात ओलं फडकं तसंच होतं. बाहेर आल्यावर तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं ते खाणीच्या फाटकावर वाळत घातलं.

"चुकलो का?" त्यानं विचारलं.

"पेनाला टोपण लावलं ना त्यांनी?"

"लावलं."

"मग?"

पंधरा दिवसांत उरलेल्या सहाही जणांनी सह्या केल्या. ठोक्यानं एकेकाच्या घरी जाऊन सांगून पाहिलं. एकानं चहा दिला आणि विषय बदलला. एकाच्या बायकोनं दारातूनच विचारलं, की स्वतःला जमलं नाही म्हणून दुसऱ्याच्या चुलीत पाणी का ओतताय? त्यानंतर त्यानं जाणं सोडलं.

पोट भरायला तो धान्याच्या गोदामात पोती उतरवायला लागला. चाळिशी उलटलेल्या पाठीला ते सोसवत नव्हतं. पहिल्या आठवड्यात मानेची कातडी सोलली.  दारातून ट्रक आला की तो पोतं खांद्यावर असतानाच इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि मनात म्हणायचा, ह्याचा पाटा गेलाय, ह्याचा क्लच धरतोय. मग मुकादम ओरडायचा. रात्री आढ्याकडं बघत पडला की वाटायचं, कदाचित आपणच जास्त शहाणे झालो. कदाचित मालकानं दुसरी खाण घेतली असेल. संशयाची एक वाईट खोड असते, दुसऱ्याला खाऊन झालं की तो घरच्याकडं वळतो.

अडीच महिन्यांनी ढीग संपला. एका सकाळी खाणीच्या फाटकाला साखळी होती. मालकानं गाड्यांचे उरलेले हप्ते गावातल्या एका सावकाराला विकून टाकले होते आणि घराला कुलूप लावून गेला होता. सहा गाड्या रस्त्याच्या कडेला ओळीनं उभ्या राहिल्या. त्यातली एक नव्यानं हिरवी रंगवलेली होती, मोठ्या आरशांची.

मुका एका सुट्टीच्या दुपारी आला. दारात उभा राहिला. म्हाताऱ्यानं त्याला पाहिलं आणि खाटेवर सरकून जागा केली, तेव्हा कुठं तो आत आला.

"मालकाला मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "तू खाणीत गेलास ते."

"माहीत होतं."

"कसं?"

"काच वर होती तुझी. आणि तू गप्प होतास."

मुक्यानं मान खाली घातली.  मग बोलायला लागला तसं सगळंच बाहेर आलं. सावकार दारात येतो. सहातल्या दोघांनी गाड्या मिळेल त्या भावाला फुंकल्या. पण कागदावरची ती ओळ ठोक्यामुळं खोडली गेली, म्हणून गाडीत कुठलाही माल भरता येतो. मुक्यानं चार बाजारपेठा पालथ्या घातल्या होत्या. पाइपांचं काम मिळत होतं, कारखान्यापासून लांबच्या शहरापर्यंत, महिन्याला आठ फेऱ्या. वर्षभराची लेखी हमी होती. पण एवढा पल्ला एकट्याला झेपणारा नव्हता, आणि टायर घासून गुळगुळीत झाले होते.

"भाडं मी आणीन. तोंड आहे मला," मुका म्हणाला. "गाडी तू सांभाळ. तुझ्याइतकी कुणाला कळत नाही. टायर तू घाल, हप्ता दोघांचा, गाडी अर्धी तुझी. दुसरा मालक नको आता."

ठोक्यानं बायकोकडं पाहिलं. तिनं डोळ्यांनी खाटेकडं खूण केली. तिथं म्हातारा खोकत होता. खोलीचे पैसे टायरमध्ये जाणार, एवढंच तिनं दाखवून दिलं. 

"हमीचा कागद बघू," ठोक्या म्हणाला.

मुक्यानं खिशातून काढून दिला. ती दारातल्या उजेडात जाऊन बसली. तिनं दोनदा वाचला. "बरा आहे," ती म्हणाली. "ते माल देणार असं लिहिलंय ह्यात. नाही दिला तर अर्धं भाडं."

"तरी कारखान्यावर जाऊन बघीन," ठोक्या म्हणाला. "भट्ट्या चालू आहेत का ते. आणि आपलंही लिहून घेऊ. कोण किती दिवस चालवणार, दुरुस्ती कशातून, एकाला सोडायचं झालं तर काय."

मुक्याचं तोंड उतरलं. "आपल्या दोघांत कागद? माझ्यावर पण संशय?"

"तुझ्यावर जास्त," ठोक्या म्हणाला. "मालकाशी जन्मात बोललो नाही तरी माझं काही अडत नाही. तुझ्याशी बोलायचंय मला."

 मुक्यानं म्हाताऱ्याच्या पायावरची चादर नीट केली आणि ठोक्याच्या बायकोला म्हणाला, "वहिनी, लिहा."

कारखान्याच्या भट्ट्या चालू होत्या. ठोक्या दोन दिवस फाटकासमोरच्या टपरीवर बसून आत जाणारा कोळसा आणि बाहेर येणारा माल बघत राहिला. परत येऊन त्यानं खोलीच्या पैशांतून सहा टायर घेतले. चार जुने चालण्यासारखे होते, ते पुढच्या वर्षी बदलायचे ठरलं. बायकोनं म्हाताऱ्याची खाट दाराजवळ ओढली. तिथं वारा येतो म्हणाली. तेवढ्यावर भागवायचं होतं.

पहिल्या खेपेला दोघं पहाटे निघाले आणि सूर्य वर आला तेव्हा कारखान्याच्या आवारात लागले. पाइप चढवून झाले. ठोक्यानं दोर आवळले, गाठी हातानं ओढून पाहिल्या. मग एक माणूस कागदांची चळत घेऊन गाड्यांच्या रांगेतून आला.

"ह्या गाडीचा मालक कोण?" तो म्हणाला. "मालकाला बोलवा. सही पाहिजे."

दोघांनीही सवयीनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

ठोक्यानं हात पँटीला पुसला आणि पेन घेतलं. "द्या," तो म्हणाला. "पण आधी वाचतो. मला जरा वेळ लागतो."